क्रॅनियल नर्व्हज् तपासताना नेमकं कुठे चुकतं: सामान गोळा करण्यापासून केसपेपरवर लिहिण्यापर्यंत

क्रॅनियल नर्व्हज् म्हणजे मुख्यतः मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्हज्च्या बारा जोड्या. बारा नावं पाठ असतात, कुठली सेन्सरी (संवेदनेची) कुठली मोटर (हालचालीची) तेही पाठ असतं, आणि तरी पेशंटसमोर उभं राहिलं की तोंड कुठल्या बाजूला वाकडं झालंय यावर दोघं जण दोन उत्तरं देतात. दर बॅचला हेच बघतोय म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. एमबीबीएसवाले, फिजिओवाले, नर्सिंगवाले, कुणीही वाचा, तपासणी सगळ्यांची तीच. माझं स्पष्ट मत आहे की चुकीची फाइंडिंग्ज बहुतेक वेळा नर्व्हमुळे येतच नाहीत, आपण पेशंटला सांगतो कसं आणि आपण बघतो कधी यात गडबड असते. त्यामुळे खाली प्रत्येक ठिकाणी पेशंटला काय म्हणायचं तेही दिलंय, कारण पुस्तकातली सूचना इंग्रजीत पाठ असते आणि आजोबांना ती मराठीत सांगताना आपली त-त-प-प होते.

१. आधी डोक्यात नकाशा बसवा

बारा नर्व्हज् बारा सुट्या गोष्टी म्हणून पाठ केल्या की काहीच हाती लागत नाही. दोन नकाशे पाहिजेत.

पहिला, कुठून निघतात. पहिली आणि दुसरी ब्रेनस्टेमच्या (मेंदूचा देठ, वरून खाली मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला) वरच्या, तिसरी-चौथी मिडब्रेनच्या, पाच ते आठ पॉन्सच्या किंवा पॉन्स आणि मेड्युलाच्या सांध्यावरच्या, नऊ ते बारा मेड्युलाच्या. अकरावी थोडी आगाऊ आहे, तिची मुळं मानेतल्या स्पायनल कॉर्डमधून निघून फोरामेन मॅग्नममधून कवटीत शिरतात आणि परत दुसऱ्या भोकातून बाहेर पडतात. चौथी एकटीच मागच्या बाजूने निघते.

दुसरा, कवटीच्या कुठल्या भोकातून कोण जातं. तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची ऑप्थॅल्मिक शाखा एकाच फटीतून म्हणजे सुपीरियर ऑर्बिटल फिशरमधून. पाचवीची मॅक्सिलरी शाखा रोटंडममधून, मँडिब्युलर ओव्हेलमधून. सातवी-आठवी जोडीने इंटर्नल अकूस्टिक मिएटसमध्ये. नऊ-दहा-अकरा ज्युग्युलर फोरामेनमधून, आणि बारावी स्वतःच्या हायपोग्लॉसल कॅनॉलमधून.

याचा फायदा काय, तर शेजारी शेजारी आजारी पडतात. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरच्या (काळी बुरशी) पेशंट्सनी आपल्याकडचे वॉर्ड भरले होते तेव्हा हे ज्यांना माहीत होतं त्यांना डोळा हलत नाही, पापणी पडली आणि कपाळ बधिर, हे तीन वेगळे प्रॉब्लेम वाटले नाहीत, ऑर्बिटच्या (डोळ्याच्या खोबणीच्या) टोकाशी किंवा त्यामागच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये (शिरांच्या पोकळीत) घोळ आहे हे लगेच कळलं.

२. सामान, आणि सामानातल्या चुका

पेन टॉर्च, स्नेलन चार्ट, कापूस, डिस्पोझेबल न्यूरो पिन, ट्युनिंग फोर्क, टंग डिप्रेसर, हॅमर, ऑप्थॅल्मोस्कोप, वास घ्यायला कॉफी आणि लवंग. इंजेक्शनची सुई पिन म्हणून वापरू नका, ती टोचत नाही, कापते.

ट्युनिंग फोर्क ५१२ हर्ट्झचा घ्या. १२८ चा पायाच्या व्हायब्रेशनसाठी असतो, तो कानामागे ठेवलात तर पेशंटला आवाजापेक्षा कंपच जास्त जाणवतात आणि तो "हो हो येतंय" म्हणत बसतो.

चार्ट पेशंटच्या वाचनाप्रमाणे निवडा. देवनागरी अक्षरांचा चार्ट मिळतो, वाचता न येणाऱ्यांसाठी सगळ्या दिशांना तोंड असलेल्या ई चा चार्ट असतो. इंग्रजी चार्टसमोर गप्प बसलेल्या मावशींना दिसत नाही असं लिहून मोकळे होऊ नका.

३. हात लावण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा

प्रकाश समोरून येईल असं पेशंटला बसवा, तुम्ही त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला बसा. टोपी, फेटा किंवा डोक्यावरचा पदर बाजूला घ्यायचा असेल तर विचारून. मग बोलता बोलता बघायचं: पापण्या सारख्या आहेत का, पापण्यांची उघडझाप दोन्हीकडे एकत्र होते का, हसताना तोंड कुठे जातं, आवाज घोगरा किंवा नाकातून येतोय का, मान एका बाजूला कलती आहे का.

याच वेळी चार प्रश्न विचारून टाका: मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, डोळ्यात कुठले थेंब टाकता का, कवळी आहे का, तंबाखू-गुटखा खाता का. शेवटचा प्रश्न उपदेशासाठी नाही, गुटख्याने तोंड उघडणं कमी झालेला माणूस पाचव्या नर्व्हच्या टेस्टला तोंड उघडत नाही आणि आपण भलतंच निदान करतो.

थांबा: पापण्या नुकत्याच पडायला लागल्यात, पेशंट रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखायला लागलं, अशी हिस्टरी असेल तर बारा नर्व्हज् करत बसू नका. मण्यारीच्या दंशाची खूण बऱ्याचदा दिसतही नाही, आणि पापणीनंतर गिळणं आणि मग श्वास जातो. सिनियरला बोलवा, श्वासावर लक्ष ठेवा.

४. पहिली नर्व्ह: पटकन होते, म्हणून कुणी करत नाही

सर्दी आहे का विचारा, नाकात टॉर्च मारून बघा. डोळे मिटायला लावा, एक नाकपुडी बोटाने बंद करा, दुसरीखाली कॉफी धरा. आधी विचारा "काही वास येतोय का", मग "कशाचा". वास येतोय पण नाव सांगता येत नाही हे चालतं, वास येणं महत्त्वाचं.

स्पिरिट, अमोनिया, बाम वापरू नका. ते नाकाला झोंबतात, आणि झोंबणं पाचवी नर्व्ह कळवते. वास पूर्ण गेलेला माणूसही स्पिरिटला तोंड फिरवतो आणि तुम्ही पहिली नर्व्ह नॉर्मल लिहिता.

५. डोळे: दुसरी, तिसरी, चौथी, सहावी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, आणि क्रम मोडू नका: नजर, फील्ड (नजरेचा आवाका), प्युपिल (डोळ्याची बाहुली), फंडस (डोळ्याचा आतला मागचा भाग), मग हालचाल.

नजर. एकेक डोळा, चष्मा असेल तर चष्म्यासकट, ६ मीटरवरून. चष्मा घरी राहिला असेल तर पिनहोलमधून (पुठ्ठ्याच्या बारीक भोकातून) बघायला लावा, पिनहोलने सुधारलं तर दोष बहुधा नंबरचा, नर्व्हचा नाही. डोळा पेशंटला स्वतःच्या तळहाताने झाकायला सांगा, बोटांनी नको, बोटांच्या फटीतून सगळे बघतात.

फील्ड. समोरासमोर साधारण मीटरभर अंतरावर बसा. त्याचा डावा डोळा झाकला तर तुमचा उजवा झाका. "माझ्या नाकाकडे बघत राहा, बोट हललेलं दिसलं की सांगा." बोट दोघांच्या बरोबर मध्ये पाहिजे, नेहमीची चूक अशी की बोट पेशंटच्या जवळ नेतात आणि मग तुलना कशाशी करायची हेच राहत नाही. चारही कोपऱ्यांतून आत आणा.

प्युपिल. "काका, त्या लांबच्या खिडकीकडे बघत राहा, मी बत्ती मारली तरी माझ्याकडे बघू नका." हे न सांगता समोरून टॉर्च मारली तर पेशंट टॉर्चकडे बघतो, जवळ बघितल्यामुळे प्युपिल तशीही आकसते, आणि आपण उजेडाने आकसली समजतो. टॉर्च बाजूने आणायची. ज्या डोळ्यावर मारली तो आणि दुसरा, दोन्ही बघायचे. प्रकाशाची खबर दुसरी नर्व्ह नेते, आकसवण्याचं काम तिसरी दोन्ही डोळ्यांत करते. मग टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, दोन-तीन सेकंद थांबत हलवा, एखाद्या डोळ्यावर आल्यावर प्युपिल उलट मोठी व्हायला लागली तर त्या बाजूच्या दुसऱ्या (ऑप्टिक) नर्व्हमध्ये किंवा रेटिनात मोठा बिघाड आहे.

फंडस बघायला डोळ्यात थेंब टाकायची घाई नको, प्युपिल बघून लिहून झाल्यावरच, आणि डोक्याला मार लागलेल्या पेशंटमध्ये अजिबात नाही. तिथे प्युपिल हीच धोक्याची घंटा असते आणि तुम्ही ती थेंबाने बंद करून टाकता.

हालचाल. "डोकं हलवू नका, फक्त डोळे फिरवा, आणि एकाची दोन दिसली की लगेच सांगा." हनुवटीला हलका हात लावा कारण सांगूनही सगळे डोकं हलवतात. बोट हातभर अंतरावर, हळू, इंग्रजी एच काढल्यासारखं. टोकाला क्षणभर थांबा, पण फार ताणू नका, अगदी टोकाला दोन-चार झटके नॉर्मल माणसालाही येतात.

स्नायूंचं गणित सोपं, बाहेर नेणारा लॅटरल रेक्टस सहावीचा, सुपीरियर ऑब्लिक चौथीचा, बाकी तिसरीचे. गोंधळ चौथीचा होतो. तिचा स्नायू डोळा नाकाकडे वळलेला असताना खाली नेतो, म्हणून नुसतं खाली बघायला लावून ती तपासली जात नाही, आधी नाकाकडे मग खाली. अशा पेशंटची तक्रारही ठरलेली, जिना उतरताना पायऱ्या दोन दिसतात, आणि मान तो चांगल्या बाजूला कलती ठेवतो.

एकाची दोन दिसतात म्हणाला की पहिला प्रश्न, एक डोळा झाकल्यावर जातं का. एकाच डोळ्याने बघूनही दोन दिसत असतील तर ते बहुतेक मोतीबिंदू वगैरे डोळ्याचंच काम आहे. जात असेल तर दोन प्रतिमा सगळ्यात लांब कुठल्या दिशेला होतात ते शोधा, तिथे एकेक डोळा झाका. बाहेरची प्रतिमा ज्या डोळ्याची तो आजारी.

पापणी. पूर्ण पडलेली पापणी, डोळा खाली आणि बाहेर गेलेला, प्युपिल मोठी, ही तिसरी. पापणी थोडीशी पडलेली आणि प्युपिल लहान, हा हॉर्नर सिंड्रोम (सिंपथेटिक नर्व्हचा बिघाड), यात तिसरी नर्व्ह चांगली असते. दोन्हीला पापणी पडली म्हणून एकच समजणारे दर वर्षी भेटतात.

थांबा: तिसरी गेली आहे, प्युपिल मोठी आहे आणि डोकं दुखतंय, ही इमर्जन्सी. प्युपिलचे धागे नर्व्हच्या बाहेरच्या थरात असतात, बाहेरून दाब आला, उदाहरणार्थ मेंदूच्या तळाशी असलेल्या पोस्टीरियर कम्युनिकेटिंग आर्टरीचा (रक्तवाहिनीचा) फुगा, तर ते आधी जातात. डायबेटिसमध्ये आतला रक्तपुरवठा जातो म्हणून प्युपिल बऱ्याचदा वाचते. बऱ्याचदा म्हटलंय, नेहमी नाही, त्यामुळे शुगर वाढलेली दिसली म्हणून निवांत बसू नका.

सहावीबद्दल एकच. मेंदूतला दाब वाढला की ती दुसरीकडच्या आजाराने पण जाते, म्हणून सहावी गेली म्हणजे गाठ पॉन्समध्येच आहे असं धरू नका, आधी फंडस बघा.

६. पाचवी: चेहऱ्याची संवेदना आणि चावण्याची ताकद

आधी कापूस छातीवर लावून "असं लागलं पाहिजे" हे दाखवा. मग डोळे मिटून कपाळ, गाल, हनुवटी, उजवी-डावी तुलना करत. कापूस टेकवायचा, ओढायचा नाही, ओढला की गुदगुल्या होतात आणि ती वेगळी संवेदना आहे. "लागतंय ना?" असं विचारू नका, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून पेशंट हो म्हणतो. "लागलं की हो म्हणा" सांगा आणि मधेच एकदोनदा कापूस लावूच नका. कपाळावर कुंकू असेल तर ते पुसू नका, बाजूला भरपूर जागा आहे.

तपासून बघा: जबड्याचा कोपरा पाचवीचा नाही, तिथे मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मुळाची नर्व्ह येते. पेशंट चेहरा बधिर सांगतोय आणि बधिरपणा कोपऱ्यासकट थेट जबड्याच्या कडेपर्यंत सरळ रेषेत थांबतोय, तर हे पाचवीच्या हद्दीत बसत नाही, जरा विचार करा.

कॉर्नियल रिफ्लेक्स शेवटी ठेवा, गरज असेल तरच करा आणि आधी सांगून करा. कॉन्टॅक्ट लेन्स काढायला लावा, कापसाची वात ओली करा, पेशंटला वर आणि विरुद्ध बाजूला बघायला सांगा, बाजूने आणून बुबुळाच्या काळ्या भागाला टेकवा. पांढऱ्याला लावली तर ती टेस्टच नाही. खबर पाचवी नेते, पापणी सातवी मिटवते, त्यामुळे सातवी गेलेली असली तर त्या बाजूचा डोळा मिटणारच नाही, दुसरा मिटतो का ते बघा.

मोटर: "दाढा घट्ट आवळा", तेव्हा कानशिलावर आणि गालावर बोटं. मग "तोंड हळू उघडा", जबडा कमजोर बाजूला जातो. जॉ जर्क (जबड्याचा रिफ्लेक्स) करताना तोंड जरासं सैल उघडं, तुमचं बोट हनुवटीवर, हॅमर बोटावर.

७. सातवी: बाजू चुकायची मुख्य जागा

सूचना क्रमाने: "कपाळाला आठ्या घाला." "डोळे घट्ट मिटा, मी उघडणार, उघडू देऊ नका." "दात दाखवा." "गाल फुगवा." शिट्टी वाजवायला सांगू नका, आजी लाजून हसायला लागतात, आणि दात गेलेल्याला तशीही वाजत नाही.

तोंड ज्या बाजूला ओढलं जातं ती बाजू चांगली असते. नातेवाईक सांगतात "डावीकडे वाकडं झालंय" आणि आपण डावी सातवी लिहून टाकतो, तर आजारी उजवी असते. मीही वायवाला (तोंडी परीक्षेला) हेच केलंय, परीक्षक काही बोलले नाहीत, नुसते पेशंटकडे बघून हसले.

पुढचा प्रश्न कपाळाचा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून पक्षाघातात म्हणजे नर्व्हच्या वर, मेंदूतल्या बिघाडात आठ्या पडतात, खालचा चेहरा तेवढा जातो. नर्व्हच गेली असेल, जसं बेल्स पाल्सीत, तर अख्खी अर्धी बाजू जाते, आठ्याही नाहीत आणि डोळाही मिटत नाही, मिटायला गेलं की बुबुळ वर पळतं. कपाळ वाचलेलं आणि तोंड अचानक वाकडं, तर वेळ बघा आणि लगेच स्ट्रोकच्या मार्गाला लावा.

तीन सापळे आहेत. जुनी बेल्स पाल्सी असेल तर आजारी बाजू आक्रसून तिकडची ओठांजवळची घडी उलट खोल दिसते, हालचाल करायला लावल्याशिवाय बाजू ठरवू नका. दुसरा, दोन्ही बाजूंची सातवी गेली की चेहरा सारखाच दिसतो आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतो, गिलियन बारीमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच नर्व्हज्वर उलटते तो आजार) हे होतं, डोळे घट्ट मिटायला लावल्यावरच कळतं. तिसरा, कुष्ठरोगात सातवीच्या डोळ्याकडच्या फांद्याच तेवढ्या जाऊ शकतात, तोंड सरळ पण डोळा उघडा, त्यात पाचवीमुळे बुबुळ बधिर असेल तर डोळा जायला वेळ लागत नाही.

कान न बघता सातवी संपवू नका, कानात किंवा कानाच्या पाळीवर पुटकुळ्या असतील तर ते नागिणीचं प्रकरण. चव बघायची असेल तर जीभ बाहेर धरलेली पाहिजे, पेशंटने बोलायचं नाही, कागदावर गोड-खारट-आंबट-कडू लिहून बोट दाखवायला सांगा. बोलायला जीभ आत घेतली की चव सगळीकडे पसरते.

८. आठवी

आधी कानात मळ आहे का बघा. मागून हातभर अंतरावर उभे राहा, दुसऱ्या कानाच्या पुढची कुर्ची बोटाने चोळत राहा, दोन-तीन आकडे कुजबुजा, परत म्हणायला सांगा. समोर उभं राहून कुजबुजलात तर तो ओठ वाचतो.

फोर्क टेबलावर आपटू नका, स्वतःच्या कोपरावर किंवा गुडघ्यावर मारा. फोर्कच्या दोन टेस्ट, रिने आणि वेबर. रिने: बुड कानामागच्या हाडावर, "आवाज थांबला की सांगा", थांबला की लगेच कानासमोर. अजून ऐकू आलं तर रिने पॉझिटिव्ह, आणि इथे पॉझिटिव्ह म्हणजे नॉर्मल. यावर किती जण अडखळतात त्याला गणतीच नाही.

वेबर: कपाळाच्या मध्यावर. "कुठल्या कानात येतंय?" विचारू नका, या प्रश्नाने पेशंटला एक कान निवडावाच लागतो. "आवाज कुठे येतोय?" एवढंच. मळ किंवा पडद्याचा बिघाड असेल तर आवाज आजारी कानात जातो, नर्व्हचा असेल तर चांगल्या कानात. एक कान पूर्ण बहिरा असेल तर हाडातून आवाज पलीकडच्या कानाला पोचतो आणि रिने खोटा निगेटिव्ह येतो, म्हणून रिने एकटा कधी वाचायचा नाही, वेबरसोबत वाचायचा.

९. नववी आणि दहावी

या दोघी एकत्र. "पाणी पिताना ठसका लागतो का, नाकातून पाणी येतं का, आवाज बदललाय का", शेवटचा प्रश्न घरच्यांना विचारा. तोंड उघडून "आ म्हणा", जीभ हलकेच दाबा, टाळू दोन्हीकडे वर जातो का बघा. पडजीभ चांगल्या बाजूला ओढली जाते. नुसती तिरकी पडजीभ नॉर्मल माणसालाही असते, आ म्हणताना सरकते का ते महत्त्वाचं.

गॅग (घशाला मागे स्पर्श केल्यावर येणारी उबळ) प्रत्येकाला करायची गरज नाही, जेवण झाल्या झाल्या तर नकोच. बऱ्याच चांगल्या माणसांना गॅग येत नाही, आणि गॅग आला म्हणजे गिळणं सेफ असंही नाही. करायचाच तर दोन्ही बाजू वेगळ्या, आणि दोन्हीकडे सारखं लागतं का विचारा, कारण खबर नववी नेते.

थांबा: स्ट्रोकच्या पेशंटला आडवं ठेवून पाणी पाजून बघू नका. ताठ बसवून, पेशंट नीट जागा असेल तरच, एक चमचा. ठसका लागला किंवा आवाज ओला झाला की तोंडाने काहीही बंद.

१०. अकरावी आणि बारावी

अकरावी: "खांदे वर उचला", तुम्ही खाली दाबा. मग "उजवीकडे मान फिरवा", हनुवटीवर हात देऊन अडवा, आणि बघायचा डावा स्नायू, कारण तोंड उजवीकडे डावा स्टर्नोमॅस्टॉइड फिरवतो. खांदा पडलेला दिसला तर मानेवर टाक्याची खूण शोधा, गाठीची बायोप्सी घेताना ही नर्व्ह दुखावू शकते.

बारावी: जीभ आधी तोंडातच बघा. थरथर आणि सुकलेपणा जीभ आत निवांत असतानाच बघायचा, बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थोडी थरथरते. मग बाहेर काढायला सांगा, आजारी बाजूला वळते. सातवी गेलेली असेल तर ओठ तिरका असल्यामुळे सरळ जीभही तिरकी वाटते, ओठाचा कोपरा बोटाने सरळ करून मग दातांच्या मध्याशी तुलना करा.

११. बाजूंचा घोळ एकदाच मिटवा

जबडा आणि जीभ आजारी बाजूला, ओठ आणि पडजीभ चांगल्या बाजूला. पाठ करण्यापेक्षा कारण धरा. जबड्याचा आणि जिभेचा स्नायू ढकलतो, चांगला स्नायू समोरच्या कमजोर बाजूकडे ढकलून देतो. चेहऱ्याचा आणि टाळूचा स्नायू ओढतो, चांगला आपल्याकडे ओढून घेतो. ढकलणारे तिकडे, ओढणारे इकडे. रस्सीखेच आठवा आणि पंजा लढवणं आठवा, परत चुकणार नाही.

१२. लिहायचं कसं

"ऑल क्रॅनियल नर्व्हज् नॉर्मल" ही ओळ टाळा. जी तपासली नाही तिथे "तपासली नाही" लिहा, कारणासकट, उदाहरणार्थ सर्दीमुळे पहिली राहिली. प्युपिल मिलिमीटरमध्ये आणि वेळेसकट लिहा, रात्रीच्या ड्युटीवाल्याला "नॉर्मल" चा काही उपयोग नसतो, त्याला सहा वाजता किती होती ते पाहिजे असतं. बाजू लिहिताना "वाकडं डावीकडे" नाही, "उजव्या बाजूची कमजोरी" असं.

सगळं लिहून झालं की नर्व्हज् स्वतःच गट सांगतात: तीन-चार-सहा आणि पाचवीच्या वरच्या शाखा एकत्र म्हणजे कॅव्हर्नस सायनसकडे बघा, पाच-सात-आठ म्हणजे सेरेबेलोपॉन्टाइन अँगल (लहान मेंदू आणि पॉन्समधला कोपरा), नऊ-दहा-अकरा म्हणजे ज्युग्युलर फोरामेन. एका बाजूच्या नर्व्हज् आणि दुसऱ्या बाजूचे हातपाय, तर ब्रेनस्टेम. आणि कुठल्याच गटात बसत नाही, संध्याकाळी वाढतं, विश्रांतीने सुधारतं, तर मायस्थेनिया (वापरले की स्नायू थकत जातात तो आजार) आठवा, पेशंटला मिनिटभर वर बघायला लावा आणि पापणी हळूहळू उतरते का बघा.

उठताना पिन शार्प्सच्या डब्यात, हात धुवा, आणि आजोबांची कवळी आणि चष्मा त्यांच्या हातात द्या, टेबलावर ठेवून जाऊ नका.